दहावी-बारावीनंतर कॉलेजऐवजी अप्रेंटिसशिप: ट्रेड निवडण्यापासून एनएसी हातात येईपर्यंत

मध्यंतरी माझा आतेभाऊ घरी आला, दहावीचा निकाल लागून दोन आठवडे झालेले, ६४ टक्के, आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, दादा कंपनीत अप्रेंटिसचं मिळतंय, बारा हजार देतायत, उद्याच कागद घेऊन बोलावलंय, हो म्हणू का? मी विचारलं ट्रेड, म्हणजे शिकायचं काम, कोणता? माहीत नाही. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट करणार का? माहीत नाही. किती महिन्यांचं? "ते म्हणाले जॉइन झाल्यावर सांगू." बोलावणारा माणूस कंपनीचा तरी आहे का विचारलं तर तो निघाला मॅनपॉवरवाला, म्हणजे कंपन्यांना माणसं पुरवणारा कॉन्ट्रॅक्टर.

मग त्याला बसवून दोन तास जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं नीट लावून. मी स्वतः दहावीनंतर फिटरचा आयटीआय केला, एक वर्ष अप्रेंटिस केली, मग नोकरी करत करत डिप्लोमा काढला आणि आज टूलरूममध्ये (साचे आणि टूल्स बनवतात तो विभाग) आहे, त्यामुळे हे सगळं लांबून बघून लिहिलेलं नाही. आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नये हा पण एक हेतू आहेच.

अप्रेंटिस म्हणजे नेमकं कोण

भारतात अप्रेंटिसशिप चालते ती १९६१ च्या अप्रेंटिसेस ॲक्टखाली. या कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. ही ओळ ऐकायला साधी वाटते पण सगळी गंमत आणि सगळी गोची हिच्यातच आहे. कामगार नाही म्हणून तुमचा पीएफ कापला जात नाही, पगाराला पगार न म्हणता स्टायपेंड म्हणतात, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने तुम्हाला ठेवलंच पाहिजे असं बंधन नसतं (कॉन्ट्रॅक्टमध्येच तशी अट लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं लिहिणाऱ्या कंपन्या मी तरी बघितल्या नाहीत). पण प्रशिक्षणार्थी आहे म्हणूनच कंपनीने तुम्हाला शिकवलं पाहिजे हे पण कायद्यातच आहे. पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे द्यायला बंदी आहे. ओव्हरटाइम करून घ्यायचा तर अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागते, आणि फॅक्टरीमधले सेफ्टीचे नियम, काम करताना लागलं तर भरपाई, हे कामगारासारखंच लागू होतं.

ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि यात कॉन्ट्रॅक्टवरची माणसं पण मोजायची. ४ ते २९ माणसं असतील तर घ्यायचे की नाही ते मालकाच्या मर्जीवर. म्हणजे तुमच्या जवळच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना अप्रेंटिस घेणं भाग आहे, फक्त त्या जाहिरात करतीलच असं नाही.

आता, "ट्रेनी" नावाखाली कॉन्ट्रॅक्टर जो भरतो तो यातला नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ला आलेली, बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीला १० हजारवाली, ती पण यातली नाही. ती योजना वाईट आहे असं म्हणत नाही पण तिच्यातून एनएसी, म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळत नाही. आतेभावाला मिळत होतं ते तर सरळ सरळ कॉन्ट्रॅक्टरचं लेबर होतं, अप्रेंटिस हे फक्त बोलायला.

संधी एकदाच असते

रेल्वे, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड यांच्या अप्रेंटिसच्या जाहिराती काढून बघा, खालच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असतं की ज्याने आधी ॲक्टखाली अप्रेंटिसशिप केली आहे किंवा सध्या करतोय तो पात्र नाही. म्हणजे गावाजवळच्या कुठल्या तरी युनिटमध्ये तुमच्या नावाचं कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर एकदा रजिस्टर झालं आणि तिथे तुम्ही वर्षभर खोके चिकटवले, तरी कागदावर तुमची अप्रेंटिसशिप झाली. मग पुढच्या वर्षी रेल्वेच्या वर्कशॉपची जाहिरात आली की बसा हात चोळत.

माझं असंच झालं. आयटीआय संपला, घरी बसायचं नव्हतं, पहिल्या कंपनीने बोलावलं आणि मी आठ दिवसांत रुजू झालो. पार्ट्स बनवणारी कंपनी, नाव सांगत नाही. पहिले साडेपाच महिने मी फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाशेजारी पॅकिंगला होतो, फिटर ट्रेडचा मुलगा, फाइल (कानस) हातात नाही, स्पॅनर हातात नाही, टेप गन हातात. शेवटी मेंटेनन्सच्या एका काकांना दया आली आणि ते साहेबांशी बोलून मला आपल्याकडे घेऊन गेले, म्हणून उरलेल्या सहा महिन्यांत काहीतरी शिकलो. काका नसते तर आज मी टूलरूममध्ये नसतो हे नक्की. म्हणून स्टायपेंड किती हे विचारायच्या आधी "उभं कुठे करणार" हे विचारा, त्याचे प्रश्न खाली दिलेत.

पायरी १: कोणत्या दारातून आत जायचं

तीन दारं आहेत.

पहिलं, दहावी झाली की थेट. याला फ्रेशर अप्रेंटिस म्हणतात. आधी काही महिने बेसिक ट्रेनिंग, मग शॉप फ्लोअर. सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे मुंबईतलं माझगाव डॉक. तिथे ग्रुप ए हा दहावी पासवाल्यांसाठी असतो, फिटर, इलेक्ट्रिशियन, पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, ड्राफ्ट्समन असे ट्रेड, दोन वर्षांचं ट्रेनिंग, वय १५ ते १९. आठवी पासवाल्यांसाठी ग्रुप सी पण आहे, रिगर आणि वेल्डर. परीक्षा ऑनलाइन असते आणि गर्दी भरपूर. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमध्ये पण नॉन-आयटीआय कॅटेगरी असते. बाकी खाजगीत फ्रेशरला "ऑप्शनल ट्रेड"मध्ये घेतात, म्हणजे कोर्स कंपनीनेच बनवलेला, ६ महिन्यांपासून ३६ महिन्यांपर्यंत. यात चांगले पण असतात, पण काही ठिकाणी कोर्सचं नाव मोठं आणि काम एकच स्क्रू दिवसभर आवळायचं असंही असतं, त्यामुळे जपून.

दुसरं दार, दहावी, मग आयटीआय, मग एक वर्ष अप्रेंटिस. माझं मत विचाराल तर ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याच्यासाठी हेच. आयटीआयमध्ये तुमचा बेस होतो, चुकायला वाव असतो, आणि सरकारी जाहिराती बहुतेक आयटीआय पासवरच निघतात. महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन होतात, दहावीच्या मार्कांवर, फेऱ्या लागतात. सरकारी आयटीआय राज्यात चारशेच्या वर आहेत. ऑप्शन फॉर्म भरताना पोरं घराजवळचं आयटीआय आधी टाकतात आणि ट्रेड नंतर बघतात, हे उलटं करा. एक तास बसने जावं लागलं तरी चालेल, पण ट्रेड हवा तोच घ्या.

तिसरं, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मग टेक्निशियन अप्रेंटिस. हे नॅट्स नावाच्या योजनेत येतं, शिक्षण मंत्रालयाची, आपल्याकडचं ऑफिस मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग. एक वर्षाचं असतं. दहावीला गणित-विज्ञान बरं असेल आणि घरून तीन वर्षांचा खर्च निघत असेल तर हे दार पण चांगलंच.

बारावी सायन्सवाल्यांनी उगाच वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही आयटीआयलाही जाऊ शकता आणि डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही.

आणि हे कोणी करू नये? ज्याला गणितं सोडवायला मनापासून आवडतात, डिझाइन किंवा सॉफ्टवेअरमध्ये जायचंय, त्याने सरळ डिग्रीचा रस्ता धरावा. ज्याला तेलात हात घालायचा कंटाळा आहे त्याला बापाने जबरदस्तीने फिटर करू नये, असे दोन जण माझ्या बॅचला होते, दोघांनी अर्ध्यातच सोडलं.

पायरी २: ट्रेड

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, मोटर मेकॅनिक, टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. सगळ्यात जास्त मारामारी इलेक्ट्रिशियन आणि फिटरसाठी, कारण जाहिराती यांच्याच जास्त निघतात. पण टर्नर-मशिनिस्टला खाजगीत, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, शिकला असेल तर, काम पटकन मिळतं असा माझा अनुभव आहे, आणि वेल्डरला एक वर्षाचा ट्रेड म्हणून हलक्यात घेऊ नका, चांगला टिग वेल्डर सापडत नाही म्हणून आमच्याकडे हातातली कामं अडून राहिलेली मी बघितलीत.

ट्रेड निवडायच्या आधी एकदा तरी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभे रहा. फिटरचं पहिल्या महिन्यातलं काम काय असतं सांगतो. व्हाइसमध्ये एक माइल्ड स्टीलचा तुकडा, हातात फ्लॅट फाइल, आणि घासायचं. घासायचं म्हणजे सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत. मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून जॉब, म्हणजे तो तुकडा, उजेडाकडे धरायचा, स्क्वेअर आणि जॉबच्या मधून उजेड दिसला की परत घासायचं. कोपऱ्याला उजेड जात नाही आणि मधे जातोय म्हणजे मधे खड्डा पडलाय, म्हणजे आता दोन्ही बाजू खाली आणा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की स्क्वेअर लावला आणि उजेड कुठूनच आला नाही, सरांनी काही न बोलता जॉब खाली ठेवला आणि पुढच्या मुलाकडे गेले. ते न बोलणं म्हणजे पास. ज्याला त्या क्षणी आतून बरं वाटतं त्याचा ट्रेड बरोबर निवडला गेला, एवढं साधं आहे.

पायरी ३: कुठे कुठे नजर ठेवायची

आपल्या राज्यातली मोठी ठिकाणं अशी. मध्य रेल्वे दरवर्षी दोन हजारांच्या वर अप्रेंटिस घेते, मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर असे क्लस्टर, यात परळ आणि माटुंगा वर्कशॉप पण आले. परीक्षा नसते, दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांच्या सरासरीवर मेरिट लागतं. म्हणून आयटीआयला गेलो आता दहावीच्या मार्कांना कोण विचारतं असं ज्याला वाटतं त्याने हे परत वाचावं. पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि महालक्ष्मी. मुंबईचं नेव्हल डॉकयार्ड, तिथे स्वतःची अप्रेंटिस स्कूल आहे, लेखी परीक्षा होते आणि उंची १५० सेंटिमीटर, वजन ४५ किलो अशी अट असते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स. अंबाझरी, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चांदा, खडकी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, ज्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटल्या गेल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्य ऑफिस नागपूरला आहे आणि तिची भरती देशभरातल्या फॅक्टऱ्यांसाठी एकत्र निघते. एसटी महामंडळ विभागवार घेतं, मोटर मेकॅनिकवाल्यांनी हे सोडू नका. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती इलेक्ट्रिशियन-वायरमनसाठी.

खाजगीत चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव. इथे जाहिरातीची वाट बघत बसू नका. आयटीआयमध्ये प्लेसमेंट बघणारे सर असतात, त्यांच्याकडे कंपन्या थेट विचारतात, त्यांना दर आठवड्याला तोंड दाखवा. शिवाय आधीच्या बॅचची पोरं कुठे आहेत ते शोधा, कारण कुठल्या कंपनीत खरंच शिकवतात आणि कुठे पॅकिंगला उभं करतात हे तीच सांगतात, दुसरं कोणी नाही.

पायरी ४: पोर्टल आणि कागदं

अप्रेंटिसशिप इंडिया नावाचं सरकारी पोर्टल आहे, ट्रेड अप्रेंटिसचं सगळं तिथे. रजिस्ट्रेशन फुकट आहे. यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर उठून या. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्सचं पोर्टल वेगळं.

लागणारी कागदं: दहावीची मार्कशीट आणि बोर्डाचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयच्या मार्कशीट आणि एनटीसी (आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट), आधार, बँक पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. केंद्र सरकारच्या ठिकाणी ओबीसीवाल्यांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि नॉन क्रिमिलेयर लागतं, राज्याचा चालत नाही, आणि तो काढायला वेळ लागतो म्हणून निकालाच्या सुट्टीतच तहसीलच्या चकरा मारून घ्या.

आता एक बारीक गोष्ट जिच्यामुळे सगळ्यात जास्त पोरं अडकतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर नाव आडनाव आधी असं छापलेलं असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी, कधी वडिलांचं नाव असतं कधी नसतं, आणि स्पेलिंग ज्याने टाइप केलं त्याच्या मनाचं. माझ्या एका मित्राचं आडनाव मार्कशीटवर एका स्पेलिंगने आणि आधारवर एक ए जास्त, एवढ्यावरून त्याचं व्हेरिफिकेशन तीन आठवडे लटकलं. फॉर्म भरायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, तेच सोपं पडतं. आणि बँक खातं आधारशी लिंक आहे म्हणजे काम झालं असं नाही, सरकारी पैसे यायला आधार सीडिंग, म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) तेच खातं जोडलेलं असावं लागतं, बँकेत जाऊन हाच शब्द वापरून विचारा.

पायरी ५: हो म्हणायच्या आधी विचारायचे प्रश्न

लाजायचं नाही. एचआरवाला जरा विचित्र बघेल, बघू दे.

माझं कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर होणार का आणि कोणाच्या नावावर, कंपनीच्या की तिसऱ्याच कोणाच्या? ट्रेड डेझिग्नेटेड (सरकारने ठरवलेला) आहे की ऑप्शनल? कोणत्या शॉपमध्ये, किती किती महिने? शिकवायला नेमलेला माणूस कोण? वर्षाच्या शेवटी परीक्षेला कंपनी बसवते का आणि मागच्या बॅचमधले किती जण बसले? शिफ्ट कोणत्या, बस आहे का, कॅन्टीनचे पैसे कापतात का? मागच्या बॅचमधल्या किती जणांना पुढे ठेवलं?

या सगळ्यात शॉपचा आणि परीक्षेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर जर "ते बघू नंतर" असं उत्तर आलं तर समजून जा. कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, १८ वर्षं पूर्ण नसतील तर सही आई-वडिलांची लागते, तेव्हा त्यांना पण वाचून दाखवा, कारण कॉन्ट्रॅक्ट अर्ध्यात मोडलं तर ज्याच्यामुळे मोडलं त्याने दुसऱ्याला भरपाई द्यायची अशी तरतूद कायद्यात दोन्ही बाजूंनी आहे. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवायला मागितली तर देऊ नका, झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

पायरी ६: पैशाचं गणित

२०१९ च्या नियमांप्रमाणे किमान स्टायपेंड असा: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पासला ६,०००, बारावी पासला ७,०००, आयटीआयवाल्याला पण ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी यात १० टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने यात ३६ टक्के वाढ करायची शिफारस केली, म्हणजे ६,८०० ते १२,३००, तर तुम्ही रुजू व्हाल त्या दिवशी लागू आकडा कोणता आहे तो पोर्टलवर बघून घ्या. हे किमान आहे, मोठ्या कंपन्या याच्यावर देतात.

पोर्टलवरच्या नॅप्स योजनेत (अप्रेंटिसशिप वाढवायची केंद्राची योजना) स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं आणि ऑगस्ट २०२३ पासून तो थेट तुमच्या खात्यात येतो. म्हणजे ७ हजारवाल्याला कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५००, दोन वेगळ्या दिवशी. बरीच पोरं पहिल्या महिन्यात ५,५०० बघून कंपनीने कापले म्हणून भांडायला जातात. आधी दुसरी एंट्री आली का ते बघा, दोन महिने झाले तरी आली नाही तर वर सांगितलेलं सीडिंग तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

या पैशात पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणं ओढाताणीचं आहे, खोटं कशाला बोलू. तिघा-चौघांनी मिळून खोली, एक वेळ कंपनीची कॅन्टीन, एक वेळ हाताने, असं चालतं. घरून महिना हजार-दोन हजार यायची सोय पहिल्या चार महिन्यांसाठी तरी करून ठेवा.

पायरी ७: ते एक वर्ष

पहिल्या दिवशी सेफ्टी शूज, गॉगल मागून घ्या, मिळाले नाहीत तर लेखी मागा. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नका, मोजा अडकला की हात ओढला जातो, हे आयटीआयमध्ये सांगितलेलं असतं तरी नवीन मुलगा पहिल्यांदा हाच घोळ करतो. चिप, म्हणजे धातूचा निघालेला कीस, हाताने काढायची नाही, ब्रश किंवा हुक. कोणी सिनियर म्हणाला की सेन्सर बायपास करून चालव, प्रॉडक्शन अडलंय, तर सरळ सांगा की काका मला येत नाही, तुम्ही करा. बोलण्यात कमीपणा घ्या, बोटं वाचतात.

एक डायरी ठेवा. रोज तीन ओळी: कोणत्या मशीनवर होतो, काय बिघडलं होतं, कशाने नीट झालं. काकांनी मला ही सवय लावली. माझ्या डायरीत एक पान आहे, हायड्रॉलिक प्रेसचं प्रेशर चढत नव्हतं, आम्ही पंप खोलला, सील बघितले, अर्धी शिफ्ट गेली, आणि शेवटी निघालं काय तर टाकीतलं तेल कमी झालं होतं आणि सक्शनला हवा जात होती. त्या दिवशी काका म्हणाले, "पान्याला हात लावायच्या आधी डोळ्याने बघायचं, मग कानाने, पाना सगळ्यात शेवटी." पुढे इंटरव्ह्यूला मला विचारलं की एखादा ब्रेकडाउन सांग, मी हाच सांगितला, तेल कमी होतं या फजितीसकट, आणि समोरचे साहेब हसले. नोकरी तिथेच लागली.

पोर्टलचं लॉगबुक वेगळं, ते भरलं जातंय का आणि हजेरी बरोबर लागतेय का बघत रहा. तीन महिने झाले आणि तुम्ही अजून तुमच्या ट्रेडच्या कामाला लागला नसाल तर गप्प बसू नका, मी साडेपाच महिने बसलो. आधी सुपरवायझरशी नीट बोला, मग एचआरला ईमेल, ईमेलच करा म्हणजे तारीख राहते, आणि तरी काही झालं नाही तर जिल्ह्याच्या बेसिक ट्रेनिंग अँड रिलेटेड इन्स्ट्रक्शन सेंटरला, म्हणजे बीटीआरआयला जा, बहुतेक ठिकाणी हे आयटीआयच्या आवारातच असतं, किंवा पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीत रडगाणं नको, तारखा, शॉपचं नाव आणि काय काम दिलं एवढंच लिहा.

पायरी ८: परीक्षा आणि एनएसी

वर्ष संपलं म्हणजे अप्रेंटिसशिप झाली असं समजून गावाला निघून जाणारी पोरं दर बॅचला असतात. डेझिग्नेटेड ट्रेडला ऑल इंडिया ट्रेड टेस्ट, म्हणजे एआयटीटी द्यावी लागते, थिअरी कॉम्प्युटरवर आणि प्रॅक्टिकल वेगळं. ती पास झालात तरच एनएसी. ऑप्शनल ट्रेडचं असेसमेंट वेगळ्या पद्धतीने होतं. परीक्षा काही अवघड नसते, आयटीआयची ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग परत वाचलं की होतं. व्हर्नियरची लीस्ट काउंट, लिमिट-फिट-टॉलरन्स, ड्रिलचा कटिंग स्पीड काढायचा फॉर्म्युला, यावर प्रश्न येतातच.

पायरी ९: पुढे काय

रेल्वेच्या आस्थापनात अप्रेंटिस करून एनएसी घेतलेल्यांसाठी लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा असतात, हा रेल्वेत अप्रेंटिस करायचा सगळ्यात मोठा फायदा. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांनी केमिकल प्लांटच्या ट्रेडमधल्या आपल्या जुन्या अप्रेंटिसना डेंजर बिल्डिंग वर्कर (स्फोटकांच्या विभागातला कामगार) म्हणून ठरावीक मुदतीसाठी घेतलंय. बाकी सरकारी ठिकाणी नोकरीची हमी नाही, पण १९९५ ला उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की बाकी सगळं समान असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. याच्यावर घर बांधू नका पण माहीत असू द्या.

शिक्षणाचं म्हणाल तर दार बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला आपल्या राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वयाचा हिशेब मांडून बघा: १६ ला दहावी, १८ ला आयटीआय, १९ ला एनएसी, २१ ला डिप्लोमा, २४ ला बीई. बारावी करून गेलेला मुलगा २२ ला बीई होतो, म्हणजे तुम्ही दोन वर्षं मागे, पण तुमच्याकडे शॉप फ्लोअरचं एक वर्ष आहे आणि ड्रॉइंग बघून जॉब कसा धरायचा हे डोक्यात चित्र आहे. पण हेही सांगतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गणित अंगावर येतं. आयटीआयनंतर गणिताला हात लावलेला नसतो आणि समोर एकदम इंटिग्रेशन, मी त्यात एकदा आपटलोय. जायचं ठरवलं असेल तर अप्रेंटिसच्या वर्षातच रविवारी गणिताची पुस्तकं उघडा. ज्याला शिकवायची आवड आहे त्याने एनएसीनंतर सीआयटीएसचं, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांच्या कोर्सचं, एक वर्ष करावं, आयटीआयमध्ये निदेशक व्हायला ते लागतं.

आतेभावाचं काय झालं ते सांगतो. मॅनपॉवरवाल्याला नाही म्हणाला, त्याचा फोन तीन दिवस येत होता. आयटीआयचा ऑप्शन फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला, पहिले तीन पर्याय फिटर, मग मशिनिस्ट, आणि पहिल्या फेरीत मशिनिस्ट लागलं, घरापासून पन्नास मिनिटं बसने. आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून बघितले तर त्याच्या वडिलांच्या नावात एक एच कमी, तो आता आधार केंद्राच्या रांगेत आहे.